देवळालीच्या पेट्यांतली रॉक गाणी : जुन्या कॅसेट आणि रेकॉर्ड पुन्हा ऐकण्याजोग्या करण्याच्या नोंदी

२ जून २०२५

देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातून दोन लोखंडी पेट्या आज घरी आणल्या. त्यांचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, १९७० आणि १९८०च्या दशकांत रॉक संगीत मनापासून ऐकत असत. त्यांचे चुलतभाऊ अमेरिकेत नोकरीला होते, त्यामुळे नाशिकमध्ये सहसा न मिळणारे संगीत त्यांच्या घरी टपालाने येत असे. पेट्यांत कॅसेट अधिक आहेत आणि रेकॉर्ड थोड्या. कॅसेटचे तीन प्रकार दिसतात : भारतात छापलेल्या कंपनीच्या कॅसेट, अमेरिकेत घरी ध्वनिमुद्रित करून पाठवलेल्या सी-९०, म्हणजे ९० मिनिटांच्या, कॅसेट, आणि त्या काळी दुकानात यादी देऊन ‘भरून’ घेतलेल्या कॅसेट. या तिसऱ्या प्रकाराची अवस्था सर्वांत वाईट आहे, कारण भरून देणाऱ्याने बाजू संपली तिथे गाणे तोडले आहे आणि लेबलवरची नावे आतल्या गाण्यांशी जुळत नाहीत.

गाजलेली गाणी आज कुठेही मिळतात, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही असे पहिल्याच दिवशी ठरवले. आपल्या काळात उपेक्षित राहिलेली, किंवा आपल्याकडे कुणाच्या कानावरच न आलेली गाणी शोधायची, त्यांची शक्य तितकी चांगली प्रत तयार करायची आणि त्यातून एक यादी करायची, एवढेच काम आहे. त्यासाठी एक नियम घालून घेतला आहे : प्रत नीट वाजते याची खात्री होईपर्यंत कोणतेही गाणे सामान्य ठरवून बाजूला टाकायचे नाही. मंद, घुमणाऱ्या किंवा चुकीच्या वेगाने धावणाऱ्या प्रतीवरून गाण्याचा निकाल लावला, तर तो निकाल यंत्राचा असतो, गाण्याचा नसतो.

८ जून

भद्रकालीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून जुना कॅसेट डेक ४,५०० रुपयांना घेतला. तो चालू होतो, दिवे लागतात, पण टेप पुढे सरकत नव्हती. उघडल्यावर कारण लगेच दिसले : आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता आणि चाकांच्या खाचांत चिकटून बसला होता. हा चिकटा पाण्याने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचे बोळे घेऊन तो खाचाखाचांतून काढावा लागतो, आणि त्यात पूर्ण संध्याकाळ जाते. त्यातला थोडा जरी उरला तरी नवा पट्टा त्या जागी अडखळतो आणि आवाज थरथरतो.

नव्या पट्ट्याचे माप जुन्यावरून घेता येत नाही, कारण तो ताणलेला किंवा वितळलेला असतो. चाकांभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजावी आणि पट्टा त्याहून साधारण पाच टक्के आखूड घ्यावा. पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे ओढणारे रबरी चाक, काचेसारखे कडक झाले होते. ते पॉलिश पेपरने खरवडले तर काही दिवस चालते, मग पुन्हा टेप खाऊ लागते, म्हणून नवेच बसवले. पट्टा आणि चाक मिळून ६५० रुपये लागले.

११ जून, बुधवार

गंगाघाटावरच्या आठवडे बाजारात जुन्या सामानाच्या पथाऱ्यांवर स्क्रूवाले कॅसेटचे डबे शोधले. काकांच्या बऱ्याच कॅसेटचे डबे चिकटवून बंद केलेले आहेत, त्यामुळे आत टेप तुटली की डबा फोडावाच लागतो आणि आतली टेप दुसऱ्या डब्यात हलवावी लागते. त्यासाठी स्क्रूवाला डबा हवा. प्रवचनांच्या आणि भजनांच्या, कोणी न घेणाऱ्या कॅसेट दहा रुपयांना एक याप्रमाणे मिळाल्या. त्या घेण्याआधी डबा उजेडात धरून दोन गोष्टी पाहाव्यात : टेपच्या मागचा छोटा मऊ दाबपट्टा जागेवर आहे का, आणि चकत्यांवर पांढरी बुरशी आहे का. बुरशी असलेली कॅसेट डेकमध्ये घातली तर ती हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

१९ जून

आजची नोंद मोठी आहे, कारण या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आज हाती आली.

अमेरिकेतून आलेल्या एका सी-९० कॅसेटवर ‘बिग स्टार’ या मेम्फिसच्या बँडची गाणी आहेत. काकांचे म्हणणे असे की ही कॅसेट त्यांनी एकदाच ऐकली आणि ठेवून दिली, कारण ‘सगळे गोधडीखालून गायल्यासारखे’ वाटत होते. माझ्या डेकवरही ती तशीच वाजली. डॉल्बीचे, म्हणजे सांयसांय दाबणाऱ्या सोयीचे, बटण बंद केले तर थोडी उजळली, पण सांयसांय आवाज वाढला आणि गिटारची धार तरीही आली नाही. हेड दोनदा पुसले, फरक पडला नाही.

दोष हेडच्या कोनात होता. ज्या डेकवर कॅसेट भरली जाते त्याच्या हेडचा टेपशी असलेला कोन आणि वाजवणाऱ्या डेकच्या हेडचा कोन एकच असावा लागतो. त्यांत केसाएवढा फरक पडला तरी उंच स्वर, म्हणजे झांजेची किणकिण, तारेवरचा नखाचा स्पर्श, ओठांतून निसटणारी ‘स’ची वाफ, हे सारे आधी नाहीसे होते. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. गाणे चालू ठेवून, डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐकत तो अगदी किंचित फिरवायचा, आणि आवाज जिथे सर्वांत उजळ होतो तिथे थांबायचे. ज्या घरी कॅसेट भरली गेली तिथल्या डेकचा कोन आपण असा शोधून काढतो. मात्र तो त्या एका कॅसेटपुरता असतो. म्हणून स्क्रूची मूळ जागा नखरंगाच्या ठिपक्याने आधी खूण करून ठेवावी, आणि ते काम झाले की कंपनीच्या चाचणी कॅसेटवरून हेड पुन्हा मूळ कोनावर आणावे. ही चाचणी कॅसेट १,९०० रुपयांना मागवली. हा खर्च टाळू नये.

स्क्रू फिरला आणि ‘सप्टेंबर गर्ल्स’ हे गाणे उघडले. पावणेतीन मिनिटांच्या आसपासचे हे गाणे १९७४ सालच्या ‘रेडिओ सिटी’ या अल्बममधले आहे. पहिल्या तारेपासूनच गिटारचा स्वर इतका चकचकीत आहे की या गाण्यात सौंदर्याचा अर्धा भाग त्या धारेतच आहे, आणि तीच धार आमच्या प्रतीत पुसलेली होती. या बँडच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावरही असेच काही आले. १९७२ चा त्यांचा पहिला अल्बम समीक्षकांनी वाखाणला, पण वितरण करणाऱ्या स्टॅक्स कंपनीला तो दुकानांपर्यंत नीट पोहोचवता आला नाही. दुसऱ्या अल्बमच्या वेळी स्टॅक्स आणि कोलंबिया यांच्यातल्या वितरणाच्या गुंत्यात तोही अडकला. बँडमधल्या ॲलेक्स चिल्टन यांचे हे गाणे पुढे १९८६ साली ‘द बँगल्स’ यांनी गायले, तेव्हा अनेकांनी ते प्रथमच ऐकले. लोकांनी नाकारलेले गाणे आणि लोकांपर्यंत न गेलेले गाणे, ही दोन्ही आपण एकाच ‘अपयशी’ या खान्यात टाकतो, हे मला अन्यायाचे वाटते.

यादीत पहिले नाव : ‘सप्टेंबर गर्ल्स’.

२८ जून

पाऊस सुरू झाला आहे आणि खोलीत ओल आहे. मोकळ्या ठेवलेल्या कॅसेटची टेप डेकमध्ये चिरचिर आवाज करू लागली. सर्व कॅसेट घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या, खर्च ६०० रुपये. ओल्या दिवसांत ध्वनिमुद्रण थांबवणेच योग्य, पण नाशिकचा पावसाळा एवढा लांबतो की संपूर्ण थांबता येत नाही. डब्यातून काढल्यावर कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे थरांना थर चिकटलेले सुटतात.

६ जुलै

चाचणी कॅसेट आली. तिच्यावर ३,००० हर्ट्‌झचा एकसारखा स्वर आहे, आणि माझ्या डेकवर तो जवळजवळ ३,०९० हर्ट्‌झ येत होता, म्हणजे डेक तीन टक्के जास्त वेगाने धावत होता. कानाला हा फरक अर्ध्या अर्धस्वराएवढा लागतो. गाणे ‘चुकले’ असे वाटत नाही, फक्त गायकाचा गळा थोडा लहान मुलासारखा वाटतो आणि ताल थोडा उतावीळ. मोटरच्या मागे एक बारीक छिद्र असते, त्यात लहान स्क्रूड्रायव्हर घालून वेग कमी-जास्त करता येतो. मोटर गरम झाल्यावरच हे करावे, कारण थंड मोटरवर साधलेला वेग अर्ध्या तासाने बदलतो.

याआधी कॅसेटवरून संगणकात भरलेल्या सर्व फाइल आता नव्याने भराव्या लागणार. संगणकावर वेग बदलता येतो, पण तसे केलेल्या फाइलची माझ्या कानाने मूळ कॅसेटशी तुलना केली तेव्हा मला ती पटली नाही.

वेग नीट झाल्यावर ‘द झॉम्बीज’ या इंग्लंडच्या बँडचे ‘केअर ऑफ सेल ४४’ पुन्हा ऐकले. हे गाणे भरून घेतलेल्या कॅसेटवर आहे आणि शेवटचे काही क्षण तुटलेले आहेत, तरीही मन भरून आले. तुरुंगातून लवकरच सुटून येणाऱ्या आपल्या माणसाला लिहिलेले हे पत्र आहे, आणि त्यात करुणेचा गळा काढलेला नाही, केवळ उत्सुक आनंद आहे. मध्येच वाद्ये थांबतात आणि फक्त गळ्यांची गुंफण उरते. तिथे प्रत्येक स्वर दुसऱ्याच्या नेमक्या अंतरावर उभा असतो, आणि तीन टक्क्यांनी वेगात धावणाऱ्या डेकवर ती ठेवण उतावीळ वाटत होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये हे गाणे स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून आले आणि चालले नाही. वर्ष संपता संपता बँड फुटला. हे गाणे असलेला अल्बम १९६८ मध्ये निघाला तेव्हा तो वाजवायला बँडच नव्हता. त्याच अल्बममधले ‘टाइम ऑफ द सीझन’ १९६९ साली अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि ते सर्वांना माहीत आहे. मी मात्र यादीत ‘केअर ऑफ सेल ४४’ घेतो. तुटलेल्या शेवटासाठी अल्बमची नवी सीडी मागवली आहे.

२० जुलै

आता रेकॉर्डकडे वळलो. काकांचा रेकॉर्ड प्लेअरही अमेरिकेतूनच आला आहे, ११० व्होल्टचा. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर १,४०० रुपयांना घेतला. नवी सुई २,३०० रुपयांना आणि रेकॉर्डचा आवाज वाढवणारा फोनो प्रीॲम्प्लिफायर २,६०० रुपयांना मिळाला.

पहिली रेकॉर्ड लावली ती मूळ वेष्टन हरवलेली, कागदी पिशवीतली, ‘फॅनी’ या बँडची. जड, ओढत चाललेला, कुणा पुरुषांच्या बँडसारखा आवाज आला. काकांनी फोनवर सांगितले की ही रेकॉर्ड त्यांच्या घरी नेहमी अशीच वाजत असे, म्हणून कोणी ती फारशी लावत नसे.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, पण उपाय करायला लागला. अमेरिकेतला वीजपुरवठा ६० हर्ट्‌झचा असतो आणि आपला ५० हर्ट्‌झचा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, ही वारंवारता बदलत नाही. या प्लेअरची मोटर वारंवारतेच्याच हिशेबाने फिरते, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी ती सुमारे २७.८ फेऱ्याच देते, आणि स्वर तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त खाली उतरतो. काळी चारच्या गाण्याला काळी तीनच्याही खाली नेले तर जे होईल, तेच इथे झाले होते.

यावर उपाय म्हणजे मोटरवरची पुली १.२ पट मोठी करणे. मूळ पुली १० मिलिमीटर व्यासाची होती. सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या दादांकडून १२ मिलिमीटरची पितळी पुली बनवून घेतली, ४५० रुपये. ती लावल्यावरही वेग एक टक्क्याच्या जरा आत कमीच राहिला. पट्ट्याच्या जाडीचा हिशेब करावा लागतो, हे दादांनीच सांगितले : पट्टा पुलीवर बसतो तेव्हा पट्ट्याची जाडीही व्यासात धरली जाते. पट्टा ०.६ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे १०.६ च्या १.२ पट १२.७२, त्यातून ०.६ वजा केले की १२.१२. पुन्हा ४५० रुपये देऊन १२.१२ मिलिमीटरची पुली केली आणि काम झाले. दादा लेथवर काम करताना नेहमी शतांश मिलिमीटरचा विचार करतात; माझ्या हिशेबात जे सुटले ते त्यांच्या अनुभवात आधीपासून होते.

वेग तपासायला १८० रेघांची कागदी चकती वापरली. ५० हर्ट्‌झच्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, आणि ३३⅓ च्या वेगाला रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. घरातल्या एलईडी दिव्याखाली हे दिसेलच असे नाही, कारण त्यांपैकी बऱ्याच दिव्यांची लुकलुक आतल्या सर्किटने घालवलेली असते. माझे अर्ध्या रात्रीचे काम या कारणाने वाया गेले. ५० हर्ट्‌झवर मोटर थोडी जास्त तापते, म्हणून एका वेळी एकच बाजू वाजवून तिला विश्रांती देतो.

२३ जुलै

‘फॅनी’ची रेकॉर्ड योग्य वेगाने वाजली, आणि काकांना फोनवर ऐकवली. ते म्हणाले, “अरे, या तर बायका गातायत!”

हो. ‘फॅनी’ हा चौघी स्त्रियांचा बँड होता आणि वाद्येही त्याच वाजवत. त्यातल्या जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणी फिलिपिन्समध्ये मनिला इथे जन्मलेल्या. रिप्राइज या मोठ्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले, आणि १९७१ चे ‘चॅरिटी बॉल’ हे गाणे अमेरिकेत चाळिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यापुढे त्यांना तो प्रतिसाद मिळाला नाही. प्रसिद्ध ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी १९९९ मध्ये त्यांचा जाहीरपणे अतिशय आदराने उल्लेख केला, तेव्हा कुठे नव्या पिढीने त्यांची नावे शोधली. देवळालीतल्या त्या घरात मात्र ही रेकॉर्ड इतकी वर्षे चुकीच्या वेगामुळे पुरुषांचीच राहिली होती. ‘चॅरिटी बॉल’चा ठेका आता पायांना नाचवतो, पियानो आणि गिटार एकमेकांना मागे सारत पुढे येतात. यादीत घेतले.

९ ऑगस्ट

रेकॉर्डच्या ध्वनिमुद्रणात खालून एकसारखी घूं येत होती. ही ५० आणि १०० हर्ट्‌झची विजेची घूं आहे. प्लेअरची अर्थिंगची बारीक तार प्रीॲम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडली आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला, तेव्हा ती गेली. आवाज संगणकात नेणाऱ्या ८,२०० रुपयांच्या यूएसबी ध्वनिसंचात काहीच दोष नव्हता.

१७ ऑगस्ट

गल्लीच्या टोकाला गणेशोत्सवासाठी ढोलपथकाचा सराव सुरू झाला आहे. सराव चालू असताना रेकॉर्ड भरता येत नाही, कारण ढोलाचा घुमारा जमिनीतून कपाटात, कपाटातून प्लेअरमध्ये आणि सुईतून थेट फाइलमध्ये येतो. प्लेअर लाकडी कपाटावरून काढून जड कडाप्प्याच्या फरशीवर ठेवला आणि त्याखाली रबरी पाट्या घातल्या, तेव्हा घुमारा बराच कमी झाला. तरीही नाशिक ढोल रात्री दहापर्यंत चालतो, आणि त्या वाद्याला माझी काही हरकत नाही. विसर्जनापर्यंत रेकॉर्डचे काम पहाटे आणि कॅसेटचे काम संध्याकाळी करायचे ठरवले.

संध्याकाळी ‘विशबोन ॲश’ यांच्या १९७२ सालच्या ‘आर्गस’ची कॅसेट घेतली. उजवी बाजू जवळजवळ मुकी होती. हेडवर बसलेला तपकिरी थर साफ केल्यावर ती परत आली. या बँडची सारी रचना दोन गिटारींच्या संवादावर उभी आहे. एक बाजू गेली की संवादातला एक जण खोलीबाहेर जातो. ‘थ्रो डाउन द स्वोर्ड’ या शेवटच्या गाण्यात अखेरीस दोन गिटारींचे स्वर एकाच वेळी उठतात आणि एकमेकांना न तोडता वर जातात. लढाई संपल्यावर शस्त्र खाली ठेवणाऱ्या माणसाच्या मनातला भार आणि सुटका दोन्ही त्यात ऐकू येतात, आणि ज्यांनी ते एकाच बाजूने ऐकले त्यांनी ते ऐकलेच नाही असे मी ठामपणे म्हणतो.

४ सप्टेंबर

आवाजातली सांयसांय काढण्याचे सॉफ्टवेअर वापरून पाहिले. बारा डेसिबलपर्यंत ती कमी केली तेव्हा गाण्यांमधली शांतता खरोखर शांत झाली, पण झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या वाजू लागल्या आणि गायकाच्या श्वासाच्या कडा कुरतडल्या गेल्या. ते सर्व टाकून दिले. आता जास्तीत जास्त चार-पाच डेसिबल काढतो, आणि तेही फक्त शांत भाग असलेल्या गाण्यांत. मूळ फाइल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटला जशीच्या तशी ठेवतो. तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. ९६ किलोहर्ट्‌झला ती दुप्पट होते, आणि या कॅसेटमध्ये एवढ्या वरचे काही शिल्लकच नाही.

१३ सप्टेंबर

भारतातल्या बँडची गाणी इतकी कमी का आहेत, असा प्रश्न मनात होता. पेटीत ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडची १९८८ ची ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही कॅसेट सापडली. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत असत, आणि स्वतःची गाणी लिहून पूर्ण अल्बम काढणे हे मोठे धाडस होते. याच बँडने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. कॅसेट कंपनीची असल्याने हेड मूळ कोनावरच ठेवून भरता आली, फारसा त्रास झाला नाही. शीर्षकगीत यादीत घेतले आहे.

त्याआधीचा इतिहास पेटीत नाही. १९७० आणि १९७१ साली शिमला सिगरेटच्या पुरस्काराने झालेल्या बँडस्पर्धांतून निघालेल्या दोन रेकॉर्ड, त्यांतला शिलाँगचा ‘फेंटोन्स’ आणि मद्रासचा ‘कन्फ्युजन्स’, मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची एकमेव रेकॉर्ड, हे सारे आपल्याकडे दुर्मीळ झाले आणि त्यांतले बरेच परदेशातल्या कंपन्यांनी नव्याने छापल्यावर परत आपल्याकडे आले. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची गाणी २०११ साली अमेरिकेतून पुन्हा निघाली. यासाठी मी अधिकृत नव्या प्रती विकत घेतल्या. पैसे कमी होते म्हणून एकेक करून.

कोलकात्याचा ‘मोहीनेर घोडागुली’ हा बँड मात्र मला वेगळा लिहावासा वाटतो. १९७५ मध्ये गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या साथीदारांनी तो उभा केला, नाव जीवनानंद दास यांच्या कवितेतून घेतले, आणि १९७७ ते १९७९ या काळात बाउल, जॅझ आणि रॉक यांना एकत्र आणणाऱ्या तीन छोट्या रेकॉर्ड काढल्या. तेव्हा त्यांना फार थोडा श्रोतृवर्ग मिळाला. १९९५ च्या संग्रहातल्या ‘पृथिबी’ या गाण्याची चाल २००६ सालच्या ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातल्या ‘भीगी भीगी’तून घराघरात गेली, म्हणजे चाल सर्वांना पाठ आणि तिचे मूळ जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही. बंगाली कळत नसले तरी मूळ गाणे ऐकावे. त्यात दूर गेलेल्या माणसांची उणीव आहे आणि आवाज मोठा करण्याचा कोणताही अट्टहास नाही.

२८ सप्टेंबर

गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या घरी छोटी बैठक केली. श्रोत्यांत काका होते, तबला शिकणारी एक मुलगी होती, आणि नाट्यसंगीतात रमणाऱ्या मित्राच्या मावशी होत्या. आधीच्या अनुभवावरून सर्व गाण्यांची सरासरी पातळी सारखी करून घेतली होती, कारण थोडे मोठ्याने वाजणारे गाणे नेहमीच अधिक चांगले वाटते आणि तुलना चुकते.

पेटीबाहेरचे एक गाणे मुद्दाम ठेवले होते : डेट्रॉइटच्या ‘डेथ’ या तीन हॅकनी बंधूंच्या बँडचे ‘पॉलिटिशन्स इन माय आइज’. हे १९७५ मध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि १९७६ मध्ये त्याच्या केवळ ५०० रेकॉर्ड निघाल्या. नाव बदलले तर मोठी कंपनी घ्यायला तयार होती, पण डेव्हिड हॅकनी यांनी नकार दिला. २००० साली त्यांचे निधन झाले, आणि त्यांची गाणी अल्बम म्हणून २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तबला शिकणाऱ्या मुलीने हे गाणे पुन्हा लावायला सांगितले आणि ठेका कुठे मोडतो ते मांडीवर धरून दाखवले. मावशींना ते फार गर्दीचे वाटले, पण ‘केअर ऑफ सेल ४४’ मधली गळ्यांची गुंफण त्यांनी शांतपणे दोनदा ऐकली आणि विचारले, “हे सगळे एकाच वेळी गातायत की नंतर जोडलंय?” स्टुडिओत थरांवर थर चढवत हे कसे करतात त्यावर पुढचा बराच वेळ बोलणे झाले. माझ्या अपेक्षेप्रमाणे सर्वांना आवडलेले एकही गाणे नव्हते, आणि यादीसाठी मला ते चांगलेच वाटते.

‘चॅरिटी बॉल’च्या जुन्या वेगाची प्रतही शेवटी वाजवली. काका म्हणाले की त्यांना इतकी वर्षे हीच खरी वाटत होती.

११ ऑक्टोबर

हक्कांविषयी लिहून ठेवतो, कारण दोघांनी फाइल मागितल्या. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे १९६८ च्या अल्बमवर तो २०२८ अखेरपर्यंत आहे. म्हणून मी फाइल कुणाला देत नाही आणि कुठे चढवतही नाही. स्वतःसाठी भरलेल्या फाइल घरीच राहतील. वाटायची ती यादी, आणि प्रत्येक गाण्यापुढे अधिकृत प्रत कुठे मिळते ते लिहिले आहे. जी गाणी अधिकृतपणे मिळतच नाहीत, ती ऐकायला घरी यावे.

खर्च एकूण सुमारे २८,००० रुपये झाला. त्यात सर्वांत मोठे दोन आकडे ध्वनिसंच आणि ४,८०० रुपयांची हार्ड डिस्क यांचे आहेत. पहिली पुली आणि चुकीच्या वेगाने भरलेल्या फाइलचा वेळ हे वाया गेले. याच कामाला हात घालणाऱ्याने क्रम असा ठेवावा : आधी चाचणी कॅसेट आणि वेगाची चकती, मग डेकची दुरुस्ती, आणि पहिले गाणे त्यानंतर.

पेटीच्या तळाशी चार स्पूल टेप निघाल्या आहेत. लेबलांवर फक्त तारखा आहेत, १९७१ आणि १९७२. स्पूलचे यंत्र नाशिकमध्ये अजून चांगल्या अवस्थेत मिळालेले नाही, आणि पुण्यात एकाने दाखवलेल्या यंत्राचा एक हेड झिजलेला होता. दिवाळीनंतर मुंबईत शोधतो. तोवर ‘थ्रो डाउन द स्वोर्ड’ची कॅसेट पुन्हा भरायची आहे, कारण उजवी बाजू साफ केल्यानंतरही शेवटच्या मिनिटात एका ठिकाणी आवाज दबतो.